आधी कंबर की आधी वजन?

‘‘मॅडम, माझी तारीख जाणार का हो?’’

व्हीलचेअरवर डावीकडे कललेल्या त्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा. कंबर किती दुखतेय, पायाला मुंग्या का येताहेत, हे सगळं नंतर. वय अठ्ठेचाळीस, मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम. वजन ११८ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय ४९. दहा वर्षांचा मधुमेह, रात्री घोरणं, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. दीड वर्ष तपासण्या करून आणि घरच्यांची समजूत घालून त्यांना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. त्या तारखेला अडीच महिने उरले असताना त्यांनी आमटीचं मोठं पातेलं शेगडीवरून एकटीनं उचललं आणि कमरेत काहीतरी ‘कट्’ झालं.

पहिल्या दिवशी शेजारची एक पायाळू बाई बोलावून तिचा पाय लावून झाला. मग तेल लावून चोळणं झालं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आल्या. चौथ्या दिवशी कळ उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरली, तेव्हा एमआरआय झाला. ‘गादी सरकलीय’ हे ऐकल्याबरोबर घरात निर्णय झाला : आता ऑपरेशन वगैरे काही नाही, तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. सरकारी रुग्णालयात आमच्याकडे असे रुग्ण येतात ते ‘फिटनेस’ घ्यायला. केसपेपरवर आमची सही पडल्याशिवाय भूलतज्ज्ञ पुढे जात नाहीत. ताईही सहीसाठीच आल्या होत्या. खरं तर सही मिळणार नाही याची खात्री करून घ्यायला. कारण हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘आधी वजन कमी करा, मग कंबर सुधारेल’, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेच्या ओपीडीत सांगितलं होतं, ‘आधी कंबर बरी करून या’. दोघांचंही चूक नाही. पण दोन बरोबर सल्ल्यांच्या मध्ये माणूस अडकतो तो असा. ‘वजन कमी करा’ एवढंच लिहून केसपेपर परत देण्याचं पाप मीही पुष्कळ वर्षं केलं आहे. कंबर धरलेल्या माणसानं ते करायचं कसं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसे.

ताईंना मी सांगितलं ते असं : तारीख कदाचित थोडी पुढे जाईल. पण कंबर बरी होण्यासाठी जे करायचं आहे आणि ऑपरेशनच्या तयारीसाठी जे करायचं आहे, ते जवळजवळ एकच आहे. बिघडतं ते उलट बाजूनं. कंबरेसाठी म्हणून घरोघरी जे केलं जातं, म्हणजे पडून राहणं, मनानं वेदनाशामक घेणं, पट्टा बांधून बसणं, त्यानं ऑपरेशनची तयारी मागे जाते.

आधी त्या ‘सरकलेल्या गादी’बद्दल. मणक्यांच्या मधली गादी म्हणजे पलंगावरची गादी नव्हे. बाहेरून चिवट तंतूंचं कडं आणि आत जेलीसारखा गर. ती मणक्यांना घट्ट चिकटलेली असते; सरकत वगैरे नाही. कड्याला चीर पडते, आतला गर थोडा बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला दाबतो, चिडवतो. म्हणून पाय दुखतो. यातली चांगली बातमी ओपीडीच्या गर्दीत सांगायची राहून जाते : बाहेर आलेला हा गर शरीर हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची पायात उतरणारी कळ सहा ते बारा आठवड्यांत मणक्याच्या ऑपरेशनशिवाय पुष्कळ कमी होते. शिवाय एमआरआयच्या रिपोर्टमधले सगळेच शब्द आजाराचे नसतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय पाहिले होते. पन्नाशीतल्या अशा माणसांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. त्यामुळे ‘मणक्यात गॅप आलाय’ असं ऐकून आयुष्यभरासाठी वाकणं सोडून दिलेली माणसं भेटतात, तेव्हा मला त्या गॅपपेक्षा त्या वाक्याची जास्त काळजी वाटते.

वजनाचा संबंध मात्र खरा आहे. कमरेवर नुसता भार येत नाही. तो किती लांबून येतो हे महत्त्वाचं. भरलेला हंडा कमरेवर टेकवून बाई अर्धा मैल चालते. तोच हंडा हात लांब करून समोर धरायला सांगा, दहा पावलं जमणार नाहीत. पोटावरची चरबी हा समोर, लांब धरलेला हंडा आहे. तो पेलायला पाठीच्या स्नायूंना दिवसभर मागून ओढ धरावी लागते आणि त्या ओढीचा दाबही गादीवरच येतो. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक संवेदक बसवून हा दाब मोजला होता. सरळ उभं असताना ०.५ मेगापास्कल. पाठ वाकवून २० किलो उचलले तेव्हा २.३, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. तेच २० किलो अंगाजवळ धरून उभं राहिल्यावर १.१. आमटीचं पातेलं गरम असतं, ते अंगाजवळ धरता येत नाही. ताईंच्या कमरेचं कारण मला तिथेच दिसलं.

आता पडून राहण्याबद्दल. मी शिकत होते तेव्हा कंबरदुखीला सक्तीची विश्रांती, खाली फळी आणि पायाला वजनं, हा सर्रास उपचार होता. १९८६ साली अमेरिकेत एक साधा अभ्यास झाला : कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना कसलाही जास्त फायदा झाला नाही. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले. त्यानंतरच्या अभ्यासांनीही हेच दाखवलं. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस पडावं, पुढे नाही. आणि ज्यांचं वजनाचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी तर पडून राहणं हे उघड नुकसान आहे. पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू आठवड्यांत उतरतात, साखर चढते, पायाच्या नसांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. आणि पडल्या पडल्या माणूस खातो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पोटाला दुर्बिणीच्या चार-पाच छोट्या भोकांतून होणारं हे ऑपरेशन संपल्यावर काही तासांतच रुग्णाला उठवून चालवतात. गुठळी पायातून फुप्फुसात जाऊ नये म्हणून ते आवश्यकच असतं. तेव्हा फिटनेस देताना माझ्या डोळ्यांसमोर एमआरआयची फिल्म नसते. माझा प्रश्न असतो : ही बाई पोटावर टाके असताना खाटेवरून स्वतः उठेल का, आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत चालेल का? उत्तर ‘हो’ असेल तर कंबर थोडी दुखत असली तरी पुढे जाता येतं. ‘नाही’ असेल तर रिपोर्ट कितीही चांगले असले तरी थांबलेलं बरं.

म्हणून आमच्या फिजिओथेरपिस्टनं ताईंना पहिल्या दिवशी व्यायाम शिकवलाच नाही. उठायला शिकवलं. उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही. आधी पूर्ण अंग एकदम कुशीवर वळवायचं, ओंडका लोटावा तसं. मग दोन्ही पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताच्या कोपरानं रेटा देऊन बसतं व्हायचं. पाठीला पीळ पडत नाही आणि पुढे पोटाच्या टाक्यांवरही ताण येत नाही. अडचण वेगळीच निघाली. ताईंच्या घरी खाटच नव्हती. सगळे जमिनीवर झोपणारे. ११८ किलोचं शरीर दुखऱ्या कमरेनं जमिनीवरून उठवायचं म्हणजे रोज दोन माणसं लागत, म्हणून त्या उठतच नव्हत्या, पाणीसुद्धा कमी पीत होत्या. शौचालयही उकिडवं बसायचं. एक जुनी लोखंडी खाट आणि कमोडची खुर्ची मिळाली आणि दोन दिवसांत त्या घरात फिरू लागल्या. औषधाचं श्रेय कुणी घ्यायचं ते घ्यावं, मी खाटेला देते.

चालणं सुरू झालं ते पाच मिनिटांचं, दिवसातून सहा वेळा. सलग अर्धा तास चाला म्हणून सांगितलं असतं तर ते एकदाच झालं असतं. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं. नियम एकच : दुखणं कमरेपुरतं आणि सोसवेल इतकं असेल तर चालू ठेवा; कळ पायात खाली खाली उतरायला लागली तर कमी करा. पट्टा लांबच्या प्रवासापुरता. दिवसभर बांधला तर स्नायू आळशी होतात, आणि एवढ्या पोटावर तो नीट बसतही नाही, काचतो.

गोळ्यांची गोष्ट जास्त गंभीर आहे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या आपल्याकडे चण्या-फुटाण्यांसारख्या मिळतात. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना त्या त्रासदायक असतातच. वजनाच्या शस्त्रक्रियेत भर पडते ती पोटाची. बायपास शस्त्रक्रियेत जठराचा छोटा कप्पा करून त्याला आतडं थेट जोडतात. या जोडापाशी अशा गोळ्यांनी व्रण होतो आणि तो रक्त गाळतो, कधी फुटतोही. म्हणून बायपासनंतर या गोळ्या शक्यतो कायमच्या वर्ज्य. काही वर्षांपूर्वी सुरक्षारक्षकाचं काम करणारा एक माणूस बायपासनंतर वर्षभरानं आमच्या वॉर्डात आला. तीस-पस्तीस किलो उतरलेला, दिसायला छान, पण चेहरा कागदासारखा पांढरा. चार दिवस डांबरासारखी काळी शौच होत होती. कंबर जुनीच दुखणारी, आणि ऑपरेशनच्या आधी सुटली नव्हती ती गोळीची सवय ऑपरेशननंतरही चालू राहिली होती. त्याला कुणीच विचारलं नव्हतं. रक्ताच्या चार बाटल्या लागल्या. तो वाचला. तेव्हापासून मी आधी गोळ्यांची पिशवी मागते, मग रिपोर्ट बघते.

ताईंच्या पिशवीत तीन प्रकारच्या वेदनाशामक निघाल्या. पैकी दोन एकाच औषधाच्या, नावं फक्त वेगळी. शिवाय नसेच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन. हे औषध काहींना उपयोगी पडतं, पण त्यानं वजन वाढू शकतं आणि सुस्ती येते. रात्री घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला त्याच्या जोडीला ट्रॅमाडॉलसारखी गोळी मिळाली तर श्वास आणखी मंदावतो. आम्ही पॅरासिटामॉल ठेवलं, शेक ठेवला, बाकीचं टप्प्याटप्प्यानं उतरवलं. कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं का हाही प्रश्न आला होता. त्यानं मधुमेहींची साखर काही दिवस उसळते, तेव्हा ते ऑपरेशनच्या तोंडावर नको असं ठरलं. नंतर त्याची गरजच पडली नाही. ही सगळी चर्चा शस्त्रक्रियेचा प्रकार निवडतानाही उपयोगी पडते. मधुमेह जुना असेल तर बायपासकडे कल असतो. पण गुडघे आणि कंबर बघता पुढे कधी ना कधी वेदनाशामक लागणारच, हे ओळखून सर्जननी ताईंसाठी स्लीव्ह, म्हणजे जठर लांबट नळीसारखं छोटं करण्याची शस्त्रक्रिया निवडली. स्लीव्हनंतरही या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतातच.

मुंग्यांचंही तसंच. पाय बधिर म्हणजे नस दबली, असं सरसकट धरलं जातं. ताईंच्या उजव्या पोटरीतली कळ गादीची होती. पण दोन्ही तळव्यांची जळजळ त्याच्या कितीतरी आधीपासूनची. दहा वर्षं मधुमेह, दहा वर्षं मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिननं बी-१२ कमी होतं. तपासलं तर खूपच कमी निघालं. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर बी-१२ शोषलं जाणं आणखी घटतं, तेव्हा आधीच रिकाम्या असलेल्या कोठारावर ते ऑपरेशन करणं धोक्याचं. इंजेक्शनं सुरू केली. ड जीवनसत्त्वही कमी होतं, तेही भरून काढलं. उन्हाळ्याच्या देशात ते इतकं कमी कसं, याचं नवल वाटायचं मी सोडून दिलं आहे.

एक गोष्ट मात्र थांबून वाचा. कंबरदुखीबरोबर लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा येणं, पाऊल लटकं पडणं, यातलं काहीही झालं तर ते तारखेचं वगैरे दुखणं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. अशा वेळी मणक्याचं ऑपरेशन आधी होतं आणि तासांचा हिशेब असतो. पडल्यानंतरचं तीव्र दुखणं, ताप, कर्करोगाचा इतिहास असेल तरीही वाट बघू नये.

खाण्याबद्दल ताई म्हणाल्या, ‘‘मी फार खात नाही हो.’’ मला ते खोटं वाटलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं जेवण कधी होतच नाही. चाखणं होतं, उरलेली पोळी उभ्यानं खाणं होतं, टाकवत नाही म्हणून शेवटचा भात संपवणं होतं. त्यात घरी पडल्यावर चहा आणि बिस्किटं. प्रथिनं मात्र जवळजवळ नाहीत. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि तेव्हा पोटात जागा नसते, म्हणून सवय आधीच लावावी लागते. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत साधारण पंधरा. ताईंना अंडी चालत होती, सोयाबीन वसतिगृहात शिजतच होतं. स्नायू राखायला आणि कंबर सावरायला हेच कामाला येतं. शेवटच्या दोन आठवड्यांत कमी कॅलरींचा आहार देतात तो यकृतासाठी. स्थूल माणसाचं यकृत चरबीनं सुजलेलं असतं आणि त्याची डावी बाजू नेमकी जठरावर पडलेली असते. ते आक्रसलं की सर्जनना जागा मिळते. मात्र या काळात मधुमेहाची औषधं डॉक्टरांना विचारून बदलावी लागतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी बंद करतात; उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साठू शकतं. वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं हल्ली अनेक जण घेतात. तेही भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

मशेरीचं कबूल करायला ताईंना तीन भेटी लागल्या. निकोटीन जखमा भरू देत नाही आणि गादीलाही ते चांगलं नाही. निदान सहा आठवडे आधी सुटली पाहिजे, असं आम्ही धरतो. सगळ्यांत कठीण तेच गेलं. कंबर दुखतेय, खाणं बंद, वर मशेरीही नाही. एके दिवशी त्या ओपीडीत रडल्या आणि म्हणाल्या, मग राहिलं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर साठ रुग्ण थांबले होते.

पैशांविषयी एक माहिती. २०२२ साली लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेशी संबंधित दोन संघटनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून ही शस्त्रक्रिया सुचवता येईल असं म्हटलं. आपल्याकडच्या विमा नियामकाच्या २०१९ च्या अटी मात्र ४० बीएमआय, किंवा ३५ बीएमआय आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही, अशा आहेत. त्या यादीत कंबरदुखी नाही. केवळ कमरेसाठी म्हणून अर्ज केला तर तो परत येऊ शकतो. तेव्हा बाकीच्या आजारांची नोंद केसपेपरवर नीट आहे ना, हे पाहून घ्यावं.

ताईंची तारीख पाच आठवडे पुढे गेली. वजन १११ वर आलं होतं, एचबीएवनसी आठच्या खाली. फिटनेसच्या दिवशी मी त्यांना तपासणीच्या टेबलवर झोपवलं आणि म्हटलं, उठा. त्या कुशीवर वळल्या, पाय सोडले, कोपर टेकवलं, बसल्या. मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत आल्या. मी सही केली आणि खाली भूलतज्ज्ञांसाठी एक ओळ लिहिली : कमरेचा जुना त्रास, टेबलवर नीट आधार द्यावा. भुलीत स्नायू सैल पडतात, दुखतंय म्हणून सांगायला माणूस जागा नसतो. ऑपरेशन सकाळी झालं, संध्याकाळी त्या चालल्या.

आता वर्ष झालंय. वजन ८२. साखरेची एकच गोळी उरली आहे. कंबर गेली का? नाही. सणासुदीला तीन-तीन तास ओट्याशी उभं राहिलं की दुखते, उजव्या पायाचा अंगठा अजून थोडा बधिर आहे. पण कळ खाली उतरत नाही. पातेलं आता दोघी मिळून उचलतात. गेल्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मी पिशवी उघडायला सांगितली. वेदनाशामक नव्हत्या, मशेरीची डबी नव्हती. बी-१२ चं इंजेक्शन मात्र दोन महिने घेतलेलं नव्हतं.

‘‘राहून गेलं मॅडम, बरं वाटत होतं ना.’’

समोरच्या खोलीत सिस्टर होत्या. आधी इंजेक्शन घेऊन यायला सांगितलं, मग केसपेपर लिहिला.